रात्र सर्वांची, झोप कुणाची?

भारतातील शहरी स्त्री दिवसाकाठी ५५२ मिनिटे झोपते आणि शहरी पुरुष ५३४ मिनिटे. खेड्यात स्त्रीची झोप ५५७ मिनिटांची, पुरुषाची ५५४. म्हणजे सरासरी नऊ तासांच्या आसपास, आणि त्यातही स्त्री पुरुषापेक्षा थोडी जास्तच. हे आकडे केंद्र सरकारने २०१९ साली देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीतले आहेत.

ज्या घरात रात्री शेवटचा दिवा अम्मी मालवते आणि सकाळी गॅसही तीच पेटवते, त्या घरात हे आकडे वाचून दाखवले तर हसूच येईल. आकडे खोटे नाहीत. पण ते कसे जमवले जातात ते पाहिले, तर हसण्याचे कारणही कळते. पाहणी करणारा कर्मचारी घरी येतो आणि आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास कोणी काय केले, ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत लिहितो. एका रकान्यात जे काम निदान दहा मिनिटे चालले, तेवढेच नोंदले जाते. रात्री दोन वाजता बाळ रडले, आईने उठून त्याला थोपटले, पाच-सात मिनिटांत ते शांत झाले, तर त्या रकान्यात ‘झोप’ असेच येणार. सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली, सुनेने उठून कोमट पाणी दिले, तरीही ‘झोप’. शिवाय ज्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीवर ही पाहणी बेतली आहे, तिच्यात रात्रीची झोप, दिवसाची डुलकी आणि झोप न लागता नुसते पडून राहणे ही तिन्ही एकाच शीर्षकाखाली येतात. छताकडे पाहत काढलेला तासही हिशेबात झोपेच्याच बाजूला जातो.

अंथरुणावरचा वेळ आणि खरी झोप यांत किती अंतर असू शकते, हे चेन्नईत झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या ४५२ स्त्री-पुरुषांच्या मनगटावर घड्याळासारखे यंत्र बांधून त्यांची झोप मोजली गेली. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण झोपत फक्त साडेपाच तास. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. उकाडा, डास, रस्त्यावरचा गोंगाट, एका खोलीत पाच-सहा माणसे. मुंब्र्याच्या, भिवंडीच्या किंवा मालेगावच्या वाचकांना यातले काही नवीन वाटणार नाही.

म्हणून देशोदेशींच्या झोपेचे तक्ते वाचताना आपण थोडे सावध असलेले बरे.

ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेने २०२१ साली असा एक तक्ता दिला. त्यात जपान सर्वांत खाली आहे, सरासरी ७ तास २२ मिनिटे. सर्व देशांची सरासरी ८ तास २८ मिनिटे. सर्वांत वर दक्षिण आफ्रिका, नऊ तासांहून अधिक. (केपटाउनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी कुटुंबांना हे पटेल का, हे त्यांनाच विचारायला हवे.) मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली मोबाइलच्या एका अ‍ॅपवरून आलेली माहिती तपासली. त्यातही जपान आणि सिंगापूर तळाला होते, ७ तास २४ मिनिटांवर, आणि नेदरलँड्सचे लोक वर, ८ तास १२ मिनिटांवर. या अभ्यासातली सर्वांत कामाची गोष्ट आम्हाला वेगळीच वाटली. कुठल्या देशात लोक कमी झोपतात, हे ते किती वाजता उठतात यापेक्षा किती वाजता झोपतात यावर जास्त अवलंबून होते. सकाळ बहुतेक सगळीकडे शाळा, ऑफिस आणि गाडीच्या वेळेने बांधलेली असते. सैल सुटते ती रात्र.

याच अभ्यासात ३० ते ६० या वयात स्त्रिया पुरुषांपेक्षा रोज सुमारे अर्धा तास जास्त झोपताना दिसल्या. सर्वांत कमी झोपणारे होते मध्यमवयीन पुरुष. तेव्हा पुरुषांची झोप हा थट्टेचा विषय नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळीचा कारागीर सकाळी घरी येतो तेव्हा मोहल्ला जागा झालेला असतो. मुले शाळेला निघालेली, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, आणि पलीकडच्या कारखान्यात मागांची खडखड चालूच. त्याला दिवसा झोप लागते कशी, हेच नवल.

पण ‘स्त्रिया जास्त झोपतात’ हे वाक्य सगळीकडे टिकत नाही, आणि जपान त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथे पुरुषांची सरासरी ७ तास २८ मिनिटे आणि स्त्रियांची ७ तास १५ मिनिटे. जपानी बाईचे शरीर डच बाईच्या शरीरापेक्षा वेगळे घडलेले नाही. वेगळे आहे ते घर. ओईसीडीच्याच हिशेबानुसार बिनपगारी कामाला जपानी पुरुष दिवसाला ४१ मिनिटे देतो आणि स्त्री २२४ मिनिटे. नवरा रात्री उशिरा घरी येतो, त्याचे जेवण गरम ठेवायचे, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून डबे भरायचे. हे वर्णन टोकियोचे आहे की नागपाड्याचे, असा प्रश्न पडावा. आपल्याकडे २०१९ च्या पाहणीत घरकामात त्या दिवशी काहीतरी हातभार लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. हातभार लावणाऱ्यांमध्येही स्त्रियांचा वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७.

झोप किती, यापेक्षा ती किती वेळा तुटते हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत साराह बर्गार्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हेच तपासले. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, घरात एक वर्षाच्या आतले मूल. अशा घरांत रात्री मुलासाठी उठल्याचे ३२ टक्के स्त्रियांनी सांगितले आणि ११ टक्के पुरुषांनी. एकदा उठले की स्त्रीचा जागण्याचा वेळ सरासरी ४४ मिनिटांचा, पुरुषाचा साधारण ३० मिनिटांचा. ‘त्याला सकाळी कामावर जायचे असते’ हे कारण इथे लागू पडत नाही, कारण कामावर दोघांनाही जायचे होते.

काही भाग शरीराचाही आहे, तो नाकारून चालणार नाही. निद्रानाशाची तक्रार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आढळते. गरोदरपणाचे शेवटचे महिने, आणि पाळी जाण्याच्या वयात रात्री अचानक अंगातून निघणाऱ्या वाफा झोप मोडतात. त्या वयातली बाई चिडचिड करू लागली, तर घरात तिच्या स्वभावाची चर्चा होते, झोपेची होत नाही. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे आजार पुरुषांत जास्त असतात, पण पाळी गेल्यानंतर स्त्रियांतही त्यांचे प्रमाण वाढते. बाईचे घोरणे लाजेपोटी डॉक्टरला सांगितले जात नाही, इतकाच फरक.

फजर आणि पोरांचा आळस

वय बदलते तशी झोप बदलते, हे सगळ्यांना माहीत आहे. तान्हे बाळ १४ ते १७ तास, शाळेत जाणारे मूल ९ ते ११, तेरा ते सतरा वयाचे ८ ते १०, मोठी माणसे ७ ते ९ तास, आणि पासष्टीनंतर ७ ते ८. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली दिलेल्या या शिफारशी आता जगभर वापरल्या जातात. या यादीत लोकांचा विश्वास बसत नाही तो तेरा ते सतरा या ओळीवर. पंधरा वर्षांच्या धडधाकट मुलाला दहा तास झोप?

वयात येताना शरीरातले घड्याळ मागे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे द्रव्य रात्री उशिरा पाझरू लागते, त्यामुळे अकरा वाजले तरी डोळ्यांवर पेंग येत नाही आणि सकाळी सहाला उठवले तर शरीराच्या हिशेबाने ती मध्यरात्र असते. हे सरकणे विशीच्या सुमारास टोकाला जाते, मुलींमध्ये थोडे आधी, मुलांमध्ये थोडे नंतर. पुढे घड्याळ पुन्हा हळूहळू अलीकडे येते आणि म्हातारपणी उलट टोकाला जाते. मगरीबनंतर खुर्चीत पेंगणारे आणि पहाटे तीनला टक्क जागे असणारे दादाजी, आणि रात्री बारापर्यंत ताजातवाना असलेला त्यांचा नातू, हे दोघेही आपापल्या वयाप्रमाणेच वागत असतात. मोबाइलने नातवाची रात्र आणखी लांबवली हे खरे. पण मोबाइल नसतानाही या वयाची मुले उशिराच झोपत होती.

कॅलिफोर्नियाने म्हणूनच कायदा केला. जुलै २०२२ पासून तिथले बहुतेक हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी सुरू करता येत नाही. आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय घेतला, पण तो पूर्व-प्राथमिक ते चौथीच्या वर्गांसाठी. त्यांच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत, असा. लहानग्यांची झोप वाढली तर चांगलेच. मात्र ज्यांचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते, ते आठवी ते बारावीचे विद्यार्थी या निर्णयाबाहेर राहिले. सात वाजता शाळा असलेली मुले पहिल्या तासाला बाकावर डोके टेकतात आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नाही’ असा शेरा येतो.

आपल्या घरांत या वयाच्या मुलांवर आणखी एक ताण असतो, फजरचा. मुलगा फजरला उठला, नमाज पढून पुन्हा आडवा झाला, की ‘सकाळ वाया घालवतो’ असे म्हटले जाते. अशी दोन तुकड्यांची झोप शरीराला मानवत नाही का? रियाधच्या किंग सऊद विद्यापीठातील डॉ. अहमद बाहम्माम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली नेमके हेच तपासले. एकदा सलग झोप, एकदा फजरसाठी उठून मग पुन्हा झोप. झोपेच्या टप्प्यांत किंवा दिवसाच्या सुस्तीत लक्षणीय फरक पडला नाही. एकूण झोप पुरेशी होत असेल, तर मधे उठल्याने बिघडत नाही, असा याचा अर्थ.

झोपेचे असे दोन भाग जगाला नवेही नाहीत. रॉजर एकर्च या अमेरिकी इतिहासकाराने जुनी कागदपत्रे चाळून दाखवले की, विजेचे दिवे येण्याआधी युरोपातले लोकही रात्री पहिली झोप घेत, मधे तासभर जागत, प्रार्थना करत, बोलत आणि मग दुसरी झोप घेत. तहज्जुदची सवय असलेल्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. सगळीकडे तसेच होते असेही नाही. टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या, विजेशिवाय राहणाऱ्या तीन जमातींचा २०१५ साली अभ्यास झाला. ते लोक बहुधा एकाच दमात झोपत, आणि तेही सूर्य मावळल्यावर तीन-साडेतीन तासांनी.

रियाधच्या अभ्यासाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यात भाग घेणारे आठजण होते आणि आठही पुरुष होते. फजरनंतर ते पुन्हा झोपले. आपल्या घरातली किती बाई फजरनंतर पुन्हा झोपते? तिची पहिली झोप पहाटे संपते आणि दुसरी सुरूच होत नाही. डबे, दूध, पहाटेच येणारे नळाचे पाणी, मुलांचे गणवेश. तिच्या झोपेवर असा अभ्यास कुणी केला, तर आम्ही तो आनंदाने छापू.

सूर्य एक, घड्याळे अनेक

पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सबंध देशाला एकच घड्याळ आहे, पण सूर्य एकाच वेळी मावळत नाही. जूनमध्ये कोलकात्यात सहा-वीसच्या सुमारास सूर्यास्त होतो, मुंबईत सव्वासातनंतर. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की, सूर्य तासभर उशिरा मावळला तर मुलांची झोप सुमारे अर्धा तास कमी होते. अंधार उशिरा पडला म्हणून ती उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा तेवढी मागे जात नाही. मुंबईचे स्वतःचे घड्याळ होते, ते भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. १९५५ पर्यंत ते शहरात काही ठिकाणी टिकून होते. ते गेल्याचे आम्हाला अधूनमधून वाईट वाटते.

नमाजच्या वेळा सूर्याने ठरतात, त्यामुळे मुसलमानाची रात्र ऋतूप्रमाणे लांब-आखूड होते. मुंबईत डिसेंबरमध्ये इशा ते फजर दहा तासांहून अधिक मिळतात, जूनमध्ये आठच्या आसपास. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळताना दिसतो आणि पहाटे पावणेपाचच्या आत उगवलेला असतो. तिथे उन्हाळ्यात एका तुकड्यात सात तास झोपणे जमतच नाही. दुपारी किंवा सकाळी भरपाई करावी लागते. फोनवर ‘अजून झोपलीस?’ असे विचारण्याआधी नानीने हे ध्यानात घ्यावे.

रमजानमध्ये हा फरक सर्वांत ठळक होतो. सौदी अरबस्तानात बाजार रात्री उशिरापर्यंत गजबजलेले आणि कार्यालये सकाळी उशिरा उघडणारी. संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीतसुद्धा रोजचे कामाचे तास दोनने कमी होतात. म्हणजे रत्नागिरीचा मुलगा दुबईत रोजा ठेवतो तेव्हा सरकारच त्याच्या झोपेची थोडी तजवीज करते. त्याची बायको गावी रोजा ठेवते, तेव्हा शाळा, बँक, एसटी सगळे नेहमीच्याच वेळेला चालते. तरावीहनंतर स्वयंपाकघर आवरायचे, सहरीसाठी बाकीच्यांच्या तासभर आधी उठायचे, फजरनंतर मुलांना शाळेत धाडायचे, आणि असरपासून पुन्हा इफ्तारीची तयारी. या महिन्यात घरातल्या कुणाची झोप किती झाली, याचा हिशेब एखाद्या आठवड्यापुरता जरी वहीत मांडला, तरी पुष्कळ दिसेल. सहरीची भाजी रात्रीच चिरून ठेवणे, कणीक मळणे, तवा ठेवणे ही कामे मुलगेही करू शकतात. काही घरांत ती होऊ लागली आहेत आणि त्या घरांतल्या पोळ्यांच्या आकाराबद्दल कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

आता कैलुला. दुपारची ही थोडी विश्रांती सुन्नत म्हणून आपल्याला ठाऊक आहे. सूरह नूरमध्ये घरातल्या एकांताच्या ज्या तीन वेळा सांगितल्या आहेत, त्यांतली एक दुपारच्या विश्रांतीची आहे. चेन्नईच्या त्याच अभ्यासाने याबाबतीत चकित करणारी गोष्ट दाखवली. काही लोकांना रात्री जास्त झोपता यावे म्हणून पंखे, गाद्या, उश्या, कानात घालायचे बोळे दिले गेले. त्यांची झोप रोज सरासरी २७ मिनिटांनी वाढली, पण त्यांच्या कामात किंवा तब्येतीत म्हणावा तसा फरक दिसला नाही, कारण वाढलेली झोपही तशीच तुटक होती. दुसऱ्या काही लोकांना कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास शांत झोपू दिले. त्यांचे मन, लक्ष आणि कामाचा वेग, तिन्ही सुधारले. मात्र त्या अर्ध्या तासाचे काम बुडाल्याने, तोच वेळ काम करणाऱ्यांपेक्षा त्यांची कमाई थोडी कमी झाली. रोजंदारीवरच्या माणसाला ही किंमत परवडत नाही, हेही त्या अभ्यासातून कळते.

घरातल्या बाईची अडचण पैशाची नाही. कैलुला अब्बांचा होतो, कारण ते झोपले की घर आवाज कमी करते. टीव्ही बंद होतो, मुलांना बाहेर पिटाळले जाते. अम्मी झोपली की दाराची घंटा वाजते, सिलिंडरवाला येतो, एकीला शाळेतून आणायचे असते, चारचा चहा लागतो. चेन्नईत त्या लोकांना मिळाला होता एक पलंग, एक पडदा आणि कुणीही हाक मारणार नाही असा अर्धा तास. पलंग आणि पडदा बहुतेक घरांत निघेल. जोहरनंतर अडीच ते तीन या वेळात दार कोण उघडणार, तिचा फोन कोण घेणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार, ही तीन नावे ठरवून फ्रिजवर लावता येतील. त्यांतले एक नाव अब्बांचे असायला हरकत नाही. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा तर नाहीच.